आधी उपचार, मग प्रश्न

घरात कुणाचा हात मोडला तर आपण त्याला तडक दवाखान्यात नेतो; शेजारी धावून येतात, कुणी जेवणाचा डबा पोहोचविते. परंतु घरातील मुलीवर बलात्कार झाला, की त्याच घराची दारे-खिडक्या लागतात. तिचे लग्न, धाकटीचे स्थळ, घराण्याची अब्रू या साऱ्यांचा खल होतो. जखमेचा विचार मात्र मागे पडतो.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा बेळगाव, कुठेही असो, आपला समाज ओळखीपाळखीवर जगणारा. डॉक्टर गणेशोत्सवातले, परिचारिका मावशीच्या गल्लीतली. एरवी आधार देणारी ही ओळखच अशा वेळी भय होऊन उभी राहते. त्यातून अत्याचारीही बहुधा परिचितांपैकीच असतो. मग वाच्यता करायची कुणापाशी?

या विलंबाची किंमत मोठी आहे. एचआयव्हीची बाधा टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी गुणकारी. अंगावरील पुरावाही दिवसागणिक पुसट होत जातो.

रुग्णालयाचा उंबरठाही सोपा नव्हता, हे आम्ही नाकारीत नाही. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, हेही एक कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडले. त्यावर देशभर क्षोभ उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही स्त्रीच्या चारित्र्याचा निवाडा करू पाहणारी ‘दोन बोटांची तपासणी’ पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले.

आज कायदा तिच्या बाजूने आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर विनामूल्य व तात्काळ उपचार केलेच पाहिजेत; नकार देणे हा २०१३ पासून गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळविते, हे खरे. परंतु सज्ञान स्त्रीला तक्रार नोंदवायची नसेल, तर तसे लिहून घेऊन उपचार करावेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे २०१४ चे मार्गदर्शन आहे. तपासणीला तिची संमती लागते. तिचे नाव प्रसिद्ध करणे हाही गुन्हा आहे. १८१ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास महिलांना मदत मिळते. ‘सखी’ केंद्रांत वैद्यकीय, कायदेशीर व मानसिक आधार एकाच छपराखाली मिळतो.

शरीर सावरले तरी मन मागे राहते. झोप उडते, दाराच्या आवाजाने दचकायला होते. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. आणि वर्षे लोटली म्हणून ते दार बंद होत नाही.

वाचक भगिनींनो, कायदा रुग्णालयाचे दार उघडू शकतो. घराचे दार आपणांसच उघडावे लागेल. एखादी लेक, सून वा शेजारीण आपल्यापाशी बोलू लागली, तर “तू तिथे गेलीसच कशाला?” हा प्रश्न ओठांवर येऊ देऊ नये. “दुखते आहे का? चल, मी येते तुझ्याबरोबर,” एवढेच म्हणावे, आणि खरोखरच तिच्याबरोबर जावे.