कोर्टात जिंकले, वाडीत हरले
मुंबईतल्या ‘मर्यादित सरकार’वाद्यांचा मागोवा

१९५९च्या ऑगस्टमध्ये, महिन्याच्या पहिल्या दोन तारखांना, मुंबईत एक अधिवेशन भरले. चक्रवर्ती राजगोपालाचारी, प्रा. एन. जी. रंगा, मिनू मसानी, कन्हैयालाल मुन्शी ही मंडळी एकत्र आली आणि दोन महिन्यांपूर्वी मद्रासला घोषणा झालेल्या स्वतंत्र पक्षाची बांधणी सुरू झाली. त्या जानेवारीत काँग्रेसने नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला होता, तेवढे निमित्त पुरले. पण पक्षाचे म्हणणे शेतीपुरते नव्हते. सरकारने न्याय, सुव्यवस्था आणि संरक्षण चोख सांभाळावे. माणसाचे शेत, दुकान, कारखाना, घर यांत कमीत कमी हात घालावा. धंदा करायला परमिट, वाढवायला लायसन्स आणि माल मिळवायला कोटा हा कारभार थांबवावा.

पक्षाची मध्यवर्ती कचेरी मुंबईतच होती, महात्मा गांधी रोडवरच्या ससून बिल्डिंगमध्ये. चर्चगेटला गाडी पकडली की गिरगावचे चर्नी रोड दुसरे स्टेशन. तरीही पंधरा वर्षांच्या आयुष्यात या पक्षाला गिरगाव, दादर, परळ, लालबाग यांपैकी कुठूनही एक आमदार निवडून आणता आला नाही. १९६७च्या लोकसभेत ४४ खासदारांसह तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. गुजरात विधानसभेत त्याचे ६६ आमदार बसले, ओरिसात त्याचा मुख्यमंत्री झाला. महाराष्ट्र विधानसभेत मात्र भोपळा. सरचिटणीस मसानी मुंबईचेच, १९४३ साली शहराचे महापौर झालेले. त्यांनाही लोकसभेत जायला राजकोट गाठावे लागले.

असे का झाले, याचा शोध घेणे मला आजही गरजेचे वाटते. कारण ज्या प्रश्नांवर हा विचार उभा होता, ते प्रश्न आपल्या वाड्या-चाळींतून अजून गेलेले नाहीत.

व्याख्यानांची गर्दी

विचाराची कमतरता मुंबईला कधीच नव्हती. पक्षाच्या तीन वर्षे आधी, जुलै १९५६ मध्ये, ए. डी. श्रॉफ यांनी फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ स्थापन केला. श्रॉफ हे १९४४च्या ‘बॉम्बे प्लॅन’वर सही करणाऱ्या आठ जणांपैकी एक. नियोजनाच्या नावाखाली काय काय चालले आहे, ते त्यांनी जवळून पाहिले होते. फोरमच्या पुस्तिका निघत, भाषणे होत. नानी पालखीवालांचे अर्थसंकल्पावरचे व्याख्यान आधी ग्रीन्स हॉटेलच्या दिवाणखान्यात व्हायचे. पुढे श्रोते इतके वाढले की ते ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यावे लागले. कराच्या कलमांवर बोलणारा वकील ऐकायला स्टेडियम भरते, हे दृश्य जगात फार ठिकाणी दिसले नसेल.

पण त्या गर्दीचे पुढे काय झाले? माणसे ऐकून घरी गेली. त्यांतल्या कुणाच्या हाती कुणी मतदार यादी दिली नाही. तुमच्या गल्लीतली तीस घरे तुमची, असे कुणी सांगितले नाही. पुस्तिका बहुतेक इंग्रजीत, सभा फोर्टात आणि बोलणारे बॅरिस्टर, उद्योगपती नाहीतर निवृत्त सनदी अधिकारी. श्रोता आणि कार्यकर्ता यांतले अंतर ओलांडण्याचे काम बाकीच राहिले.

त्यात संयुक्त महाराष्ट्राची जखम ताजी होती. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून शहरातल्या धनिकांनी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांच्या अध्यक्षतेखाली समिती चालवली होती. मुन्शींनी तर १९४८ सालीच भाषावार प्रांत आणि मुंबईचे भवितव्य यावर विरोधाचे पुस्तक लिहिले होते. शंभरावर हुतात्मे दिल्यावर १ मे १९६० रोजी राज्य मिळाले, आणि त्याच मुन्शींचे नाव स्वतंत्र पक्षाच्या पहिल्या फळीत झळकत होते. परळच्या माणसाला ‘मुक्त उद्योग’ आणि ‘मुंबई वेगळी ठेवा’ हे दोन्ही आवाज एकाच दिवाणखान्यातून येताहेत असे वाटले, तर त्याला दोष कसा देणार? पक्षाने हा संशय दूर करण्यासाठी मराठीत, मराठी नेतृत्व पुढे करून, जीव तोडून काम करायला हवे होते. ते झाले नाही.

गुजरातेत उलटे घडले. तिथे भाईलालभाई पटेल, म्हणजे भाईकाका, वल्लभ विद्यानगर उभे करणारा माणूस, खेड्यापाड्यांत ओळख असलेला. सहकारी शेतीचा ठराव म्हणजे आपल्या जमिनीवर गदा, हे तिथल्या शेतकऱ्याला त्याने त्याच्या भाषेत सांगितले. विचार तोच होता, फक्त त्याला तिथे माणूस मिळाला होता.

भाड्याची पावती

मुंबईत हा विचार कुठे पोचायला हवा होता, ते पाहायचे तर चाळीतली भाड्याची पावती हातात घ्यावी. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणे हा हेतू चांगलाच होता. पण तात्पुरता कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक चालला. भाडे इतके कमी की त्यात जिन्याची एक पायरी बदलता येईना. मालकाने डागडुजी सोडली. गॅलरीला लाकडी टेकू लागले, मग टेकूंना टेकू. इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारने १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढले. साडेएकोणीस हजारांवर इमारती त्याच्या कक्षेत आल्या. खोली सोडताना रोकड पागडी घेण्याचा व्यवहार बेकायदा असूनही सगळ्यांना माहीत होता. १९९९च्या नव्या कायद्याने तो मान्य केला. एका नियंत्रणातून दुसरे आणि दुसऱ्यातून तिसरे कसे निघते, ते शिकायला गिरगावसारखी दुसरी जागा नाही.

आणि तरीही नियंत्रण उठवा म्हणणारा उमेदवार गिरगावात उभा राहिला असता तर पडलाच असता. कारण खोलीत राहणाऱ्या कारकुनाचा, शिक्षिकेचा, विधवेचा प्रश्न साधा होता: भाडे वाढले तर आम्ही जायचे कुठे? या प्रश्नाला पुस्तिकेत उत्तर नव्हते. उत्तर शोधता आले असते. भाडे टप्प्याटप्प्याने वाढवायचे, गरीब भाडेकरूला थेट मदत द्यायची, भाडेकरूंनी सोसायटी करून इमारत विकत घ्यायची, मालकाला रास्त मोबदला मिळायचा. पण अशी तडजोड जिन्यावर बसून, दोन्ही बाजूंना समोरासमोर आणूनच ठरते. त्यासाठी चाळीत येणारा-जाणारा कार्यकर्ता लागतो.

तो नव्हता, म्हणून भांडण न्यायालयात गेले. १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी आता वाजवी राहिली नाहीत असे सांगितले. १९८६ मध्ये सरकारने म्हाडा कायद्यात दुरुस्ती करून, मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत जुन्या इमारती संपादन करून भाडेकरूंच्या सोसायटीला देण्याची सोय केली होती. तिच्याविरुद्ध मुंबईतल्या मालकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. प्रकरण नऊ न्यायमूर्तींपर्यंत पोचले आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निकाल आला: प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ मानता येणार नाही. तत्त्व मोठेच सिद्ध झाले. टेकू लावलेल्या गॅलऱ्या आजही तशाच आहेत.

याआधीही हेच घडले होते. जुलै १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा स्वतंत्र पक्षाचे मुंबईतले नेते रुस्तम कूपर न्यायालयात गेले, पालखीवालांनी बाजू मांडली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये दहा विरुद्ध एक अशा मताने कायदा रद्द झाला. सरकारने लगेच नवा कायदा आणला. पुढच्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने आल्या आणि स्वतंत्र पक्ष ४४ वरून ८ वर घसरला. न्यायालयात मिळवलेले मतपेटीत राखता आले नाही. १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला.

गिरणगावातली हुकलेली हाक

लालबाग-परळमध्ये तर या विचाराला कामगाराच्या बाजूने उभे राहण्याची संधी होती. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरणी उद्योगात मालकांशी बोलण्याचा हक्क एकाच ‘प्रातिनिधिक’ युनियनला होता, आणि तो काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. गुप्त मतदान नाही. आपली युनियन आपण निवडायची, एवढे साधे स्वातंत्र्यही कामगाराला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा हा कायदा जावा ही मागणी पगारवाढीइतकीच जिव्हाळ्याची होती. सरकारने माणसाच्या वतीने त्याचा प्रतिनिधी ठरवू नये, हे स्वातंत्र्यवाद्यांचे मूळ तत्त्व. ते गिरणीच्या गेटवर, गेट मीटिंगमध्ये सांगायला त्यांच्यातले कुणी गेले नाही. स्वातंत्र्य म्हणजे मालकांचे स्वातंत्र्य, हा समज त्यामुळे पक्का झाला.

संघटना कशी करतात, ते याच भागात इतरांनी करून दाखवले होते. लाल बावट्याच्या गिरणी समित्या होत्या. १९६६ नंतर शिवसेनेच्या शाखा आल्या. नळाला पाणी नाही इथपासून रुग्णालयात खाट मिळत नाही इथपर्यंत सगळ्याला दार उघडे. १९७२च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या हाकेला बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. या सगळ्यांचा कल सरकारकडे अधिक मागण्याकडे होता. त्यांचे म्हणणे पटो वा न पटो, ती माणसे दारात येत होती.

सरकारवर न विसंबता एकमेकांवर विसंबण्याची सवयही याच मातीत होती. सारस्वत बँक १९१८ मध्ये गिरगाव-गावदेवीच्या परिसरात सहकारी सोसायटी म्हणून सुरू झाली. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचे. लालबागची गणेश मंडळे वर्गणीवर उभी राहिली. १९७५ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी मुंबई ग्राहक पंचायत सुरू केली. तिची रीत बघण्यासारखी आहे. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात. महिन्याची यादी भरतात, पैसे आगाऊ जमा करतात. घाऊक खरेदीचा माल एखाद्या सदस्याच्या घरी उतरतो आणि सदस्य आळीपाळीने तो मोजून, वाटून नेतात. दुकानदाराची कृपा नको आणि रेशनची रांगही नको. मर्यादित सरकारचा विचार मराठी मध्यमवर्गीय घरात प्रत्यक्ष जगला जात होता, पण त्याला राजकीय भाषा कुणी दिली नाही.

नंतरची दोन माणसे

स्वतंत्र पक्ष संपल्यावर दोघांनी हा धागा सोडला नाही. एक एस. व्ही. राजू, पक्षाचे जुने कार्यकारी सचिव. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९-अ कलम आले. पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादाशी निष्ठा असल्याचे पक्षाच्या घटनेत लिहून द्यावे लागू लागले. समाजवादाला विरोध हाच ज्याचा पाया, त्या पक्षाने हे कसे लिहावे? खोटी शपथ घेणार नाही म्हणून राजू आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. वर्षे गेली, निकाल आला नाही. ‘फ्रीडम फर्स्ट’ हे मसानींनी १९५२ मध्ये सुरू केलेले नियतकालिक त्यांनी शेवटपर्यंत चालवले. २०१५ मध्ये ते गेले.

दुसरे शरद जोशी. चर्चगेटच्या सिडनहॅम कॉलेजचे विद्यार्थी, टपाल खात्यात आणि पुढे बर्नला नोकरी, ती सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती. मग चाकणचे कांदा आंदोलन, निपाणीचे तंबाखू आंदोलन, चांदवडचे महिला अधिवेशन. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या एका घोषणेत त्यांनी सगळे अर्थशास्त्र बसवले. सरकारचा शेतमालात हात नको, हे त्यांनी लाखो शेतकऱ्यांना मराठीत पटवले. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. २००४ मध्ये राजुऱ्यातून वामनराव चटप विधानसभेत गेले, जोशी स्वतः राज्यसभेत. फोर्टातून जे झाले नाही ते बांधावरून थोडे तरी झाले. मात्र जोशींची चळवळ मुंबईत उतरली नाही. कोकण आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार शेतकऱ्याचाच मुलगा असूनही हा दुवा जुळला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये तेही गेले.

हा मागोवा घेताना माझे मत पक्के होत जाते. मर्यादित सरकारचा विचार मुंबईत चुकीचा ठरला म्हणून हरला नाही. त्याच्या लोकांनी मतदाराच्या आधी न्यायाधीशाला गाठले. न्यायालय सरकारला एखाद वेळी थोपवते, पण सरकारला कायम आवर घालणारा मतदारच असतो, आणि तो दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहतो.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. शहराचा पैसा शहराच्या लोकप्रतिनिधींविना खर्च होत असताना गल्लीत फारसा आवाज उठला नाही. महापालिकेत २२७ प्रभाग आहेत. सरकारने आपल्या मर्यादेत राहावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी आता पुढची पुस्तिका बाजूला ठेवावी, आपल्या प्रभागाची मतदार यादी घ्यावी, एक इमारत निवडावी आणि तिथल्या भाड्याचा, दुरुस्तीचा, पुनर्विकासाच्या कराराचा प्रश्न सुटेपर्यंत त्याच जिन्यावर जात राहावे. उमेदवार त्यानंतर उभा करावा.