बोरीचा कूलर जहाजावर का चालत नाही?

एप्रिल लागला की आपल्या बोरी अरब गावात खिडक्यांत कूलर बसतात. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, टाकी भरायची आणि नवतपा काढायचा. आपलं ऊन कडक, पण हवा कोरडी. पारा ४२ वर आणि आर्द्रता १५ टक्के असली, तर ताट्यांतलं पाणी झपाट्यानं उडतं आणि चांगला कूलर २६ अंशांच्या आसपासची हवा आत सोडतो.

समुद्रावर मात्र हे गणित कोलमडतं. जहाजातल्या राहत्या जागेच्या वातानुकूलनासाठी २००२ च्या आयएसओ ७५४७ मानकानं बाहेरची हवा ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची धरली होती. आपल्या उन्हापेक्षा सात अंश कमी! पण ही हवा आधीच पाण्यानं जड असते. कूलर तिला फार तर ३१ अंशांवर आणेल आणि केबिनभर ओल करेल. घाम सुकणार नाही, गादी चिकट होईल. म्हणून एसी निवडताना पहिला प्रश्न हा, की तो हवेतलं पाणी किती काढतो?

'दीड टन पुरतो, तरी दोन टनाचा घेऊ' ही आपली सवय तिथे घात करते. गरजेपेक्षा मोठा एसी केबिन पटकन गार करून थांबतो. कॉइलवर पाणी जमायला वेळच मिळत नाही. खोली गार, पण ओली राहते आणि कोपऱ्यांत बुरशी धरते. उन्हानं तापणारं पोलादी छत, इंजिनरूमला लागून असलेली भिंत, आतली माणसं आणि बाहेरून घ्यावीच लागणारी ताजी हवा, एवढ्यांचा हिशेब करूनच क्षमता ठरवावी.

दुसरा शत्रू मीठ. घरगुती एसीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्या खाऱ्या वाऱ्यात झडतात. लहान टगबोटीवर स्वस्तात असा एसी बसवणं म्हणजे खर्च पुढे ढकलणं. मोठ्या जहाजांवर बहुधा मध्यवर्ती यंत्रणा असते आणि तिचा कंडेन्सर समुद्राच्या पाण्यानं गार होतो. त्यासाठी बहुधा तांबे-निकेलच्या नळ्या वापरतात.

मुलगा किंवा मुलगी मर्चंट नेव्हीत जात असेल, तर एवढं सांगून ठेवा: २००६ च्या सागरी कामगार करारानुसार, समशीतोष्ण हवेमुळे एसीची गरज नसलेल्या मार्गांवर नियमित चालणारी सोडून इतर जहाजांवर खलाशांच्या राहत्या जागेत वातानुकूलन सक्तीचं आहे. भारतानं हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. एसी बंद पडला, तर जहाजावरच तक्रार करण्याचा हक्कही त्यात आहे. तो वापरायला सांगा.