ऐकण्याचा ऋतू

पावसाला आपल्या संगीताने मल्हार दिला, वसंताला बसंत-बहार दिले. नाव घेताच ऋतू आठवावा असा राग शरदाच्या वाट्याला मात्र आला नाही. तरी ऐकण्याचा खरा ऋतू हाच! उन्हाळ्यात जीव पंख्यापाशी गुंतलेला. मग चार महिने पत्र्यावर पावसाचा ताशा. आश्विन लागला, की आमच्या कांजूरमार्गला मिठागरांवरचे आभाळ निवळते, दमट गाद्या उन्हात पडतात, मिटलेल्या खिडक्या उघडतात. दुपार भाजून काढते खरी. पण सायंकाळी शेजारचे सूर स्पष्ट ऐकू येतात.

भोंडल्याची गाणी याच दिवसांतली. विविध भारतीही सुरू झाली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार लावले होते आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले होते. ती गाणी अशी घरी परतली. एका बिऱ्हाडात रेडिओ लागे आणि सारी चाळ ऐके.

आज आमच्या घरात माणसे पाच आणि गाणी चार. ज्याचे त्याचे गाणे ज्याच्या त्याच्या कानात. आईला कानात काही घातलेले सोसत नाही. त्यामुळे गाण्यांनी भरलेल्या घरात तिच्या वाट्याला तेवढी शांतता येते.

नव्या यंत्रांशी माझे भांडण नाही. लोकलच्या गर्दीत ती वरदानच! पण दिवाळीच्या चार दिवसांत रोज तासभर तरी साऱ्या घराने एकच गाणे ऐकावे. आवाज बेताचा असावा, आणि निवड आजीची!