करोना विषाणू पेशीत शिरतात कसे?

करोना म्हटले की २०१९ सालचे वुहान आठवते. पशुवैद्यकांना मात्र हे घराणे कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. कोंबडीच्या पिलांना धाप लावणाऱ्या आजाराची नोंद अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात १९३१ सालीच झाली. महाराष्ट्रातले पोल्ट्रीवाले 'आयबी' म्हणून ज्याची लस पिलांना देतात तोच हा आजार, आणि त्याचा विषाणूही करोनाच.

गैरसमज : सगळे करोना विषाणू 'एसीई-२' या प्रथिनाला धरूनच पेशीत शिरतात.

वस्तुस्थिती : कोविडचा विषाणू तसे करतो, सगळे नाही. विषाणूच्या अंगावरचे काट्यासारखे स्पाइक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ज्या रेणूला चिकटते, त्याला ग्राहक म्हणतात. डुकरांच्या 'टीजीई' विषाणूचा ग्राहक आहे अमिनोपेप्टिडेज-एन, उंदरांतल्या यकृतदाहाच्या विषाणूचा सीकॅम-१, तर उंटांकडून माणसांत येणाऱ्या 'मर्स'चा डीपीपी-४. गाईगुरांचा करोना तर प्रथिनाऐवजी सायलिक आम्ल नावाची शर्करा धरतो.

गैरसमज : ग्राहक जुळला की विषाणू आत गेलाच.

वस्तुस्थिती : कुलपात किल्ली बसली तरी ती फिरावी लागते. इथे ते काम पेशीतली प्रथिने कापणारी विकरे करतात. त्यांनी स्पाइक योग्य जागी कापले, तरच पुढचे घडते.

वटवाघळांतल्या 'एचकेयू-४' या विषाणूने हे छान दाखवून दिले. त्याचे स्पाइक माणसाच्या डीपीपी-४ला चिकटते, पण मानवी पेशीतली विकरे ते कापू शकत नाहीत, म्हणून विषाणू बाहेरच राहतो. प्रयोगशाळेत त्या स्पाइकमधली फक्त दोन अमिनो आम्ले बदलली आणि प्रवेश सुरू झाला.

गैरसमज : विषाणू पेशीला भोक पाडून आत घुसतो.

वस्तुस्थिती : भोक वगैरे काही नाही. करोना विषाणूला स्वतःचे मेदाचे आवरण असते. कापले गेलेले स्पाइक आधी लांब होऊन पेशीच्या पटलात रुतते, मग स्वतःवरच दुमडते. त्या ओढीने दोन्ही पटले जवळ येऊन एकजीव होतात आणि विषाणूचा आरएनए आत उतरतो. कधी हे पेशीच्या पृष्ठभागावरच घडते, तर कधी पेशीने विषाणूला पिशवीत गुंडाळून आत ओढून घेतल्यावर.

गैरसमज : ग्राहक तोच असेल तर आजारही तोच.

वस्तुस्थिती : 'टीजीई' हा आतड्याचा आजार. दोन आठवड्यांच्या आतली पिल्ले त्यात जुलाबाने पटापट दगावतात. १९८४ साली बेल्जियममध्ये त्याच विषाणूचा एक भाऊबंद सापडला. त्याच्या स्पाइकमधली दोनशेहून अधिक अमिनो आम्ले गळाली होती. सायलिक आम्ल धरणारा भाग त्याच तुकड्यात होता. ग्राहक तोच राहिला, पण विषाणूने आतडे सोडून श्वसनमार्ग धरला. आजारही बहुधा सौम्य झाला.

गैरसमज : कुत्र्यांना मिळणारी करोनाची लस कोविडलाही अडवते.

वस्तुस्थिती : कुत्र्यांच्या काही एकत्रित लशींत करोनाचा अंश असतो, पण तो त्यांच्या आतड्यातल्या विषाणूचा. त्याचे स्पाइक कोविडच्या स्पाइकहून फारच वेगळे आणि त्याचा ग्राहक अमिनोपेप्टिडेज-एन. त्या लशीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे कोविडच्या विषाणूला रोखत नाहीत, कुत्र्यातही नाही आणि माणसातही नाही.