गुणगुण, नलिका विवर्धकातील
संकेत दिलेला नसतानाही ध्वनिक्षेपकातून ऐकू येणारा अखंड नाद. त्यात उच्च संनादी मिसळले की कर्कश भणभण होते. घरी बांधलेल्या विवर्धकांत हा दोष विशेष आढळतो. भारतात विजेची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने पूर्णतरंग एकदिशीकरणानंतर १०० हर्ट्‌झची ऊर्मिका उरते. तेवढ्या कंप्रतेची गुणगुण बहुधा गाळक मंडलातील धारित्र क्षीण झाल्याचे दर्शविते. ५० हर्ट्‌झची गुणगुण तापक तंतूची जोडणी, रोहित्राचे चुंबकीय क्षेत्र वा भूयोजनाचे वेटोळे यांमुळे उद्भवते. हा भेद न पारखता नवशिके धारित्रेच बदलत बसतात. आवाज-नियंत्रक शून्यावर आणूनही गुणगुण टिकल्यास दोष त्यापुढील टप्प्यांत समजावा. वीज बंद केल्यावरही धारित्रांत शेकडो व्होल्टचा प्राणघातक दाब राहू शकतो. म्हणून आत हात घालण्यापूर्वी ती रोधकातून विसर्जित करून व्होल्टमापकाने खात्री करून घेतात.