कंत्राट संपते आणि झोप उडते

पोटात जळजळ, छातीत धडधड, रात्री झोप नाही, सकाळी उठवत नाही, मान आखडलेली आणि कशातच लक्ष लागत नाही. वय पंचवीस ते चाळीस. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुणाला 'काय काम करता?' असे विचारले की पूर्वी 'पुण्याला आयटीत आहे' असे उत्तर चटकन यायचे. गेली दोन-तीन वर्षे उत्तर यायला जरा वेळ लागतो. 'सध्या घरीच आहे' एवढे बोलून तो गप्प बसतो आणि सोबत आलेली आई खाली पाहते. कंत्राट संपलेले असते आणि दुसरे मिळत नसते. आजचा लेख या दुखण्याविषयी आहे. दुखणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण त्रास शरीराला खरोखरच होत असतो.

आधी हे कंत्राट म्हणजे काय ते पाहू, कारण पुष्कळ घरांत आईवडिलांनाही ते नीट ठाऊक नसते. मुलगा हिंजवडीच्या एखाद्या मोठ्या कंपनीच्या इमारतीत बसतो, गळ्यात तिथलेच ओळखपत्र असते. पण त्याचा पगार मनुष्यबळ पुरवणारी दुसरीच कंपनी देत असते. करार सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा. काम असेल तोवर तो वाढत जातो. परदेशातल्या गिऱ्हाइकाने खर्च आवरता घेतला, की पहिली कुऱ्हाड याच माणसांवर पडते, कारण कायम नोकराला काढण्यापेक्षा करार न वाढवणे सोपे. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, या क्षेत्रात भरमसाट भरती झाली. २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर वाढू लागले आणि कंपन्यांनी हात आखडता घेतला. त्या वर्षाच्या अखेरीस व २०२३ च्या सुरुवातीला गूगल, अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, मेटा यांनी हजारोंच्या संख्येने माणसे कमी केली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० जणांना कमी करणार असल्याचे जाहीर केले. शिवाय काही कामे आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने करू लागली आहेत. एका जागेसाठी अनुभवी माणसांची रांग लागते, आणि त्या रांगेत कायम नोकरी गेलेलेही असतात. मुलाला किंवा मुलीला काम मिळत नाही याचा अर्थ ती नालायक ठरली असा होत नाही, हे घरातल्या थोरांनी पहिल्यांदा समजून घ्यावे.

आता शरीरात काय होते ते. संकट आले की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अॅड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडतात. हृदय जलद चालते, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. कुत्रा अंगावर आला तर ही व्यवस्था उपयोगाची. दहा मिनिटांत कुत्रा निघून जातो आणि शरीर पूर्वपदावर येते. अर्ज पाठवून उत्तराची वाट पाहणे हा मात्र दारातून न हलणारा कुत्रा आहे. हल्ली नकारसुद्धा कळवत नाहीत. मुलाखतीच्या तीन फेऱ्या होतात, 'कळवतो' म्हणतात आणि पुढे फोन उचलला जात नाही. स्पष्ट नकार मिळाला तर माणूस दोन दिवस खट्टू होतो आणि पुढच्या उद्योगाला लागतो. असे अधांतरी लोंबकळत राहिले की शरीर सतत सावध राहते. फोन वाजला की धडधड, नाही वाजला की तगमग. त्यातून आम्लपित्त, पोट बिघडणे, डोके दुखणे, मान-पाठ धरणे, वाढता रक्तदाब. 'तुला काही झालेले नाही, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत' हे वाक्य ऐकून बरा झालेला रुग्ण माझ्या पाहण्यात नाही.

तरीही सगळे काळजीच्या माथी मारू नये. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड आणि बी-१२ एवढ्या तपासण्या एकदा कराव्यात. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता फार आढळते आणि तीही थकवा, उदासी आणते. छातीतले दुखणे हातात किंवा जबड्यात जात असेल, दम लागत असेल, घाम फुटत असेल तर वय तिशीचे असले तरी तातडीने ईसीजी काढावा.

काम गेल्यावर पैशाखेरीज आणखी काय जाते, याचा एक जुना अभ्यास सांगण्यासारखा आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाच्या वस्तीतला कापडाचा कारखाना १९३० पर्यंत पुरता बंद पडला आणि जवळजवळ सारी वस्ती बेकार झाली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइसेल या संशोधकांनी तिथल्या लोकांचा बारकाईने अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना आता वेळच वेळ होता, पण वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली, आणि तीही वर्गणी माफ केलेली असताना! पुरुष रस्त्याने रेंगाळत, थांबत थांबत चालायचे. बायका भरभर चालायच्या, कारण घरची कामे त्यांना सुटलेली नव्हती. पुढे याहोदाबाईंनी मांडले, की नोकरी पगाराबरोबर आणखी काही गोष्टी देते: दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, मोठ्या कामात आपला वाटा, समाजात ओळख आणि हातपाय हलवण्याची सक्ती. हे सारे एका दिवशी काढून घेतले की माणूस सैल पडतो. आळशी म्हणून नव्हे. आपल्याकडेही १९८२ च्या संपानंतर मुंबईचे गिरणी कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतले. त्यांचे हाल फार झाले. पण गिरणी का सुटली हे साऱ्या गावाला ठाऊक होते, आणि शेजारच्या घरातही तसाच एक जण बसलेला असे. आयटीतला मुलगा एकटा परत येतो आणि शेजाऱ्यांना 'वर्क फ्रॉम होम' सांगितले जाते. ही लपवाछपवी त्याला फार जड जाते. दिवसभर खोलीचे दार लावून बसावे लागते ते त्यामुळेच.

माझ्या मते उपचाराची सुरुवात घड्याळापासून करावी. झोप केव्हा लागेल हे आपल्या हाती नसते, उठायचे केव्हा हे असते. म्हणून रात्री कितीही वाजता झोप लागो, सकाळी साडेसहा म्हणजे साडेसहा. पहिले चार-पाच दिवस डोळे चुरचुरतील, मग रात्री झोप आपोआप अलीकडे सरकते. उठल्यावर अर्धा तास उजेडात चालावे. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की मेंदूतले घड्याळ जुळते. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे हृदयाला पुरे, आणि सौम्य उदासीवर ते खरोखर औषधासारखे लागू पडते. आंघोळ करून बाहेर जायचे कपडे घालावेत. अर्ज, फोन, नोकरीच्या जाहिराती पाहणे हे सारे दहा ते एक या वेळेत उरकावे आणि मग ते खाते बंद. दर पाच मिनिटांनी मेल उघडून पाहिल्याने नोकरी लवकर येत नाही, धडधड तेवढी वाढते. दुपारी काहीतरी नवे शिकण्यास दोन तास द्यावेत. तालुक्याच्या गावीही बहुधा वाचनालय असते. घरच्या खोलीपेक्षा तिथे बसलेले बरे, चार माणसे तरी दिसतात. दुपारी तीननंतर चहा-कॉफी नको, कारण कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही रक्तात असतो. रात्री मोबाईल उशाशी नको. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री मुलाखत असेल तर दुसऱ्या दिवशी तासभर उशिरा उठावे, दुपारी वीस मिनिटे आडवे व्हावे, पण वेळापत्रक मोडू नये.

झोपेसाठी ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणण्याची चाल आहे, ती घातक आहे. काही आठवड्यांत त्यांची सवय लागते आणि अचानक सोडल्यास झोप आणखी बिघडते. दारूचेही तेच. तिने डोळा लवकर लागतो, पण पहाटे तीनला खाडकन उघडतो. तंबाखू आणि माव्याबद्दल या स्तंभात वेळोवेळी लिहिलेच आहे.

घरच्यांनी काय करावे? दिवसातून चार वेळा 'काही कळले का?' असे विचारू नये. कळले तर तो सांगेलच. आठवड्यातून एक दिवस ठरवून, घरातली मोठी माणसे आणि तो, खर्चाचा व पुढच्या विचाराचा हिशेब मांडून बसावे. इतर दिवशी विषय काढू नये. लग्नाची बोलणी चालू असतील तर खरे सांगावे, खोट्यावर उभे केलेले लग्न पुढे जास्त छळते. आणि नेमणुकीसाठी कोणी आधी पैसे मागत असेल तर ती फसवणूक समजावी. गांजलेला माणूस अशा जाळ्यात लवकर सापडतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

याच घरात बहुधा आणखी एक रुग्ण असतो, तो दवाखान्यात येत नाही. मुलाचा पगार थांबला की वडील कोणाला न सांगता रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागतात, आई साखरेची गोळी अर्धी करते. रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे महिना-दोन महिने काही कळत नाही. आणि मग पक्षाघाताचा झटका येतो, ज्याच्या एका दिवसाच्या खर्चात वर्षाच्या गोळ्या आल्या असत्या. गोळ्या कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना अडचण सांगावी, यात लाजण्यासारखे काही नाही. तीच औषधे जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळतात, आणि सरकारी दवाखान्यांत रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या मोफत दिल्या जातात. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात आईवडिलांची नावे असतील तर कंत्राटाबरोबर तोही संपतो. म्हणून शेवटच्या तारखेपूर्वीच, त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येईल का याची चौकशी करावी. नव्याने घेतलेल्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, तेव्हा शिधापत्रिका व आधारकार्ड अद्ययावत ठेवावे.

काळजी आणि नैराश्य यांतला फरक मात्र ओळखता आला पाहिजे. काळजी करणारा तरुण क्रिकेटच्या सामन्यात तासभर रमतो, भाचा आला की हसतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न आहे, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या आहेत, भूक व झोप गेली आहे, 'मी घरावर ओझे आहे' असे तो बोलतो आहे, तर हे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. 'जगून काय उपयोग' असे शब्द निघाले, कोणी निरवानिरवीची भाषा करू लागले, तर त्याला एकटे सोडू नये आणि सरळ विचारावे, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले याने हायसे वाटते. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असून तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते.

नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्यात 'फरक नाही' म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. सुरुवातीला काहींना मळमळते, काहींना गुंगी येते. मुलाखत ठरलेली असेल तर तिचा दिवस आणि वेळ डॉक्टरांना आधी सांगावी. त्याप्रमाणे गोळी रात्री घ्यायची की सकाळी, हे बदलून देता येते.