जीव जडला फुप्फुसावर!

शॉवरखाली गाणं गुणगुणताय? गुणगुणा, खुश्शाल गुणगुणा! फक्त तुषारांबरोबर एखादा आगंतुक कोरस द्यायला आला नाही ना, एवढं बघा. त्याचं नाव लीजिओनेला न्यूमोफिला. ‘न्यूमोफिला’चा अर्थ माहीत आहे का? फुप्फुसावर प्रेम करणारा! प्रेम अर्थात एकतर्फी. आणि त्याचं फळ म्हणजे न्यूमोनिया.

तशी स्वारी मूळची तळ्याकाठची, ओढ्याकाठची. आपणच पाईप, टाक्या, कूलिंग टॉवर उभारले आणि त्याला आयता फ्लॅट मिळाला. २० ते ४५ अंश सेल्सिअसचं कोमट पाणी हे त्याचं रिसॉर्ट. ६० अंशांच्या वर मात्र खेळ खल्लास!

आता फ्लॅशबॅक. जुलै १९७६, फिलाडेल्फिया. अमेरिकेच्या द्विशताब्दीची धामधूम. बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या बड्या हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं. मंडळी घरी परतली आणि एकामागून एक तापाने फणफणली. एकूण २२१ आजारी, ३४ मृत्यू. गंमत नव्हे, कोडं असं, की काही जण हॉटेलात पाऊलही न टाकता, नुसते बाहेरच्या फुटपाथवरून गेलेले!

संशय कुणाकुणावर? स्वाइन फ्लूवर, निकेलच्या विषावर, अगदी कटकारस्थानावरही. महिनोन्‌महिने सगळे हात चोळत बसले. शेवटी सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचे जोसेफ मॅकडेड यांनी वर्षाअखेरच्या सुट्टीत जुन्या स्लाइड्स पुन्हा काढल्या आणि जानेवारी १९७७ मध्ये चोर सापडला. त्याला नाव मिळालं त्या सैनिकांचं. जंतूला रोग्यांचं नाव, असा मान किती जणांना मिळतो! हॉटेलला मात्र नोव्हेंबरातच टाळं लागलं होतं.

सापडायला इतका वेळ का लागला, माहीत आहे का? पठ्ठ्याचे नखरे! लॅबच्या नेहमीच्या ताटलीत हा वाढतच नाही. याला लोह हवं, सिस्टीन हवं आणि वर चक्क कोळशाची पूड!

आणि याची खरी करामत पुढेच आहे. अमीबा जंतू खातो, हे शाळेत शिकलोय आपण. याला मात्र अमीबाने गिळलं, की हा आतच बिऱ्हाड थाटतो, वाढतो आणि अमीबाला फोडून बाहेर पडतो. लोक खाल्ल्या घरचे वासे मोजतात, हा खाणाऱ्याच्याच घरचे मोजतो! फुप्फुसातल्या जंतुभक्षक पेशींनाही हा अगदी तस्साच फसवतो.

तुषारांवर बसून हा फुप्फुसापर्यंत कसा पोचतो, त्याचे नमुने बघा. १९८९, अमेरिकेतलं लुइझियाना. एका किराणा दुकानात भाज्या टवटवीत दिसाव्यात म्हणून तुषार उडवणारं मशीन लावलं होतं. भाजी ताजी, गिऱ्हाईक आजारी.

१९९९, नेदरलँड्स. बोव्हेनकार्स्पेलचं पुष्पप्रदर्शन. विक्रीसाठी मांडलेला एक हॉट टब बुडबुडत होता. लोक नुसते शेजारून गेले, तरी सुमारे तीस जणांचा जीव गेला.

रेकॉर्ड? स्पेनमधल्या मुर्सिया शहराचं. २००१ मध्ये एकाच साथीत ४४९ पक्क्या केसेस!

ब्रिटनमध्ये तर गाडीच्या काचेवर फवारायच्या साध्या पाण्यातही हा सापडलाय. आणि याचा एक भाऊबंद, लीजिओनेला लाँगबीची, चक्क कुंडीतल्या मातीत आणि कंपोस्टमध्ये राहतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बागप्रेमींना विचारा!

दुखणं छातीत, तपासणी कशाची, माहीत आहे का? लघवीची! याचे अंश तिथे सापडतात. पेनिसिलिनला हा भीक घालत नाही. अझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन पुढे आलं, की सुतासारखा सरळ. धोका जास्त कुणाला? पन्नाशी ओलांडलेल्यांना, सिगारेट ओढणाऱ्यांना.

एका माणसाकडून दुसऱ्याला हा लागतो का? जवळजवळ नाहीच. आजवर तशी एकच संभाव्य केस गाजली, पोर्तुगालमधली, २०१४ ची.

घरातला साधा एसी पाणी उडवत नाही, त्यामुळे तो निर्दोष मुक्त. विदर्भातल्या उन्हाळ्याचा जिवलग कूलर मात्र वेळोवेळी रिकामा करून घासायला हवा. आणि आपली बादली-तांब्याची आंघोळ? शॉवरच्या मानाने तुषार कमीच. आजीचा पॉइंट!

दिवाळीला गावी जाऊन पंधरा दिवसांनी फ्लॅटवर परतलात, तर नळ थोडा वेळ सोडून ठेवा. शॉवरही दोन-तीन मिनिटं एकटाच आंघोळ करू दे. तोवर तुम्ही बाथरूमच्या बाहेर, दार लावून!